मागं तोंड करून

सिद्धाप्पादादा,

मला लिहिता येत न्हाय, म्हणून मेंढरांमागं चालताना हे पत्र मनातच सांगते.

टेंभुर्णीच्या माळावर माझी लेक मायाक्का तापानं गेली. सकाळी तिला पुरलं. मी म्हटलं, एक दिवस तरी थांबा. आमचे मालक, तुझे दाजी, म्हणाले, "कोकरू मेलं की रान बदलायचं, म्हंजी मेंढी विसरती." दुपारीच तळ हलला. घोड्यावर लेकीच्या जागी कोकरू बांधलं. मी किंचाळले, तर सगळी म्हणाली, "केराबाई येडी झाली."

व्हय, झाले की!

पण दादा, कोकरू मेलेली एक मेंढी हाय आमच्यात. रान कितीबी बदललं तरी ती मागं तोंड करून वरडती. तिला काठीनं पुढं हाकायचं काम मालकांनी मला दिलंय.

पाय तेवढे पुढं चाललेली,
तुझी केरा