माणूस ओळखा

सोमवार, ४ मार्च

आमच्या यंत्राला काडीची अक्कल नाही. प्रश्न आला की साठवलेल्या उत्तरांतलं जवळचं शोधायचं आणि फेकायचं — बस्स. उत्तरं मीच भरली आहेत. कामाची सगळी शुद्ध, नेटकी. गप्पांच्या खणात काय भरावं सुचेना, तेव्हा आईची बोलणी टाकली. "माझं मेलीचं काय, चाललंय." "ते राहू द्या, जेवलात का?" फुकटचा माल.

बुधवार, ६ मार्च

आज चाचणी. पाहुणे पलीकडच्या खोलीतून प्रश्न टाइप करणार. इकडून एकदा यंत्र उत्तर देणार, एकदा मी. माणूस कोण ते त्यांनी ओळखायचं. साहेब म्हणाले, "समोर तू आहेस. यंत्राचं काही खरं नाही." केस धुऊन निघालेय — जणू ते मला बघणारच आहेत!

गुरुवार, ७ मार्च

काल चाचणीनंतर लिहवलं नाही. सगळ्या पाहुण्यांनी मलाच यंत्र ठरवलं.

एकाने विचारलं होतं, आईशी शेवटचं कधी वाजलं? मी लिहिलं — "आमचे संबंध अत्यंत सलोख्याचे आहेत." यंत्राने लिहिलं — "ते राहू द्या, जेवलात का?"

"ही बाई खरी," पाहुणा म्हणाला. "ते दुसरं डबडं. गाइड गिळलेलं."

सगळे हसले. मीही हसले. गाइड गिळूनच तर पदवी मिळवली. घरातली पहिली.

शुक्रवार, ८ मार्च

आणि वाजलं होतं की. गेल्याच रविवारी. पुढच्या महिन्यात आई माझं ऑफिस बघायला येणार आहे. मी फोनवर म्हटलं, "साहेबांपुढे तू बोलू नकोस हं. काहीतरी गावठी बोलशील." ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

जी बोलणी तिने तोंडातून काढू नयेत, ती मी यंत्रात भरली. आणि त्यांच्याच जोरावर ते माणूस ठरलं.

शनिवार, ९ मार्च

उद्या फोन करून सांगायचं — हवं ते बोल.

रविवार, १० मार्च

मी तोंड उघडायच्या आत आईच सुरू झाली. एकेक शब्द जपून ठेवत — "नमस्कार साहेब. आपली भेट झाली, आनंद वाटला. आपण मुलीला सांभाळून घेता, त्याबद्दल आभारी आहे."

मग हळूच — "तुझ्या दादाने शिकवलं. पाठ केलंय. आता बोलले तर चालेल ना गं?"