निरोपाची काच आणि हुकमाची बटणं

सगळ्यात आधी आली ती गोजरबाई. साहेब लोकांना दहाची वेळ दिलेली, कानिफनं ओट्यावर आत्ता कुठं सतरंजी अंथरलेली, आणि ही साडेआठलाच डोक्यावर गव्हाचं टोपलं घेऊन गिरणीपुढं उभी. एकटी नाही. मागं तिची नात विजयमाला, आणि विजयमालेच्या मागं तिची होणारी मावससासू. सोयरीक पक्की करायला आलेली बाकीची माणसं परत गेलेली, लग्नाचं पहिलं दळण डोळ्यांदेखत पडावं म्हणून मावससासू मुद्दाम मागं राहिलेली. टोपल्याला हळदीकुंकू लावलेलं, वर नवी चोळखणाची घडी झाकलेली. मी म्हटलं, आज नेमकं हेच व्हायचं होतं.

थांब चांगुणा, मी मधूनच सुरू केलं. चि. सौ. चांगुणाबाईस तिच्या थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? निर्गुडीचा पाला शेकायला सांगितला होता तो शेकलास का नुसताच वाळवून ठेवलास? आबासाहेबांना रामराम सांग. आम्ही इकडं खुशाल. (अक्षर माझंच आहे, दुसरीपर्यंतच शाळा झाली ती तुला ठाऊक आहे, म्हणून ओळी चढावर गेल्या आहेत. कागद तिरका धर, सरळ दिसतील.)

तर आमचा कानिफ. सहादेवाचा थोरला, माझा नातू, पुण्याला इंजिनिअरीच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं एक पेटी केली आहे. रेडिओएवढी रुंद, पण उंचीला दुप्पट. वरच्या अंगाला लांबट काच, काचेवर अक्षरं रंगवलेली, आणि अक्षरांच्या मागं बारके दिवे. ज्या अक्षरामागं दिवा लागेल तेवढंच वाचायचं. ही निरोपाची काच. खालच्या अंगाला पांढरी बटणं, घंटीची असतात तशी. गहू, ज्वारी, बाजरी, डाळ. मग जाड, मध्यम, बारीक. ही हुकमाची जागा. तिथून तारा भिंतीतून आत सहादेवाकडं जातात, त्याच्याकडं दुसरी लहान पेटी, तीत दिवा लागतो आणि घंटी वाजते. म्हणजे बाहेर उभ्या राहिलेल्या बाईनं काय दळायचं ते बोटानं सांगायचं, आणि आत काय चाललंय ते काचेनं तिला सांगायचं. गिरणीच्या घरघरीत ओरडायला नको.

आता हे ओरडायचं काम गेली अकरा वर्षं कोण करतं ते तुला माहीत आहे. खिडकीशी बसून मीच सांगते, बाजरी लागली गं, तुझ्यापुढं तीन डबे आहेत, सहादेव जेवायला गेलाय, पट्टा सुटलाय. आणि मीच विचारते, कशाचं, कसं, कुणासाठी. कानिफ म्हणाला, आजी, तुझा घसा वाचेल. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शेजारी तीन घरी सांगून आले. (सांगून सांगून घसा बसला.) पेटी नेमकी माझ्या खिडकीतच बसवली. मागं बोटभर फट राहिली, तेवढाच काय तो वारा.

पण गोष्ट साधी नव्हती. पुण्याच्या एका कारखान्याचे नृसिंह साहेब आणि कानिफचे शामकांत सर, दोघं ही पेटी चालताना बघायला येणार होते. सकाळपासून दुपारपर्यंत बायांनी ती बिनतक्रार वापरली तर कानिफला परीक्षा व्हायच्या आधीच कारखान्यात नक्षे काढायच्या खात्यात घेणार. नाही वापरली तर पोरगं पुन्हा गिरणीत पीठ उडवायला मोकळं. रात्रभर बिचारा जेवला नाही. (पहाटे दोन भाकरी खाल्ल्या, तो भाग वेगळा.)

साहेब आले ते जीपमधून. शामकांत सर बारीक, चष्मेवाले, बोलणं गोड. म्हणाले, आजी, उद्या टेबलावर ठेवायची शहाणी यंत्रं येतील, त्यांनाही एक सांगायची पट्टी आणि एक ऐकायची जागा लागणारच, तुमचा नातू त्याचा पाया घालतोय. मी म्हटलं, घालू द्या, आमच्याकडं पायाला दगड पुष्कळ. मग दोघांची जुंपली. सर म्हणत काच वर हवी, माणूस आधी वाचतो. साहेब म्हणत बटणं वर हवी, माणूस आधी सांगतो. अर्धा तास पोहे गार होईपर्यंत हेच. कानिफ म्हणाला, बायांना विचारू या का? दोघांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पोह्याच्या बश्या उचलायला सुरुवात केली. पेटीची उंची सरांनी पुण्यातच आपल्या छातीला टेपानं मोजून ठरवली होती. आमच्या बायांच्या डोक्यावर टोपलं, कडेवर लेकरू. बटण दाबायचं कशानं, हे काही टेपावर नव्हतं.

पहिला निरोप उजळला, 'कृपया आपली आज्ञा द्यावी'. गोजरबाईला वाचता येत नाही, विजयमालेनं वाचून दाखवलं. गोजरबाई म्हणाली, "सहादेवाला मी आज्ञा देऊ? त्याच्या बाळंतपनाला मी हुते. त्यानं मला आज्ञा इचारायची म्हंजी काय, मी तालेवार झाली व्हय?" आणि लाजून मागं सरली. शेवटी विजयमालेनं गव्हाचं बटण दाबलं. काचेवर आलं, 'आपली मागणी नोंदविण्यात आली आहे'. पुढं काहीच होईना. आत सहादेव कालच्या राहिलेल्या हरभऱ्याची डाळ काढत होता, ती झाल्याशिवाय गहू कसा घेणार? पण हे काचेला सांगता येईना, तिला तेवढंच पाठ. तोवर रांग लागलेली, गोजरबाईचं काम पुढं सरकावं म्हणून मागच्या बाईनं परत गहू दाबला, तिच्या मागचीनं परत. प्रत्येक वेळी आत घंटी. सहादेव पिठानं पांढरा झालेला बाहेर आला, म्हणाला, "आई, नऊ गव्हाची दळनं आली म्हंती ही पेटी, आन इथं गव्हाचं टोपलं तर येकच दिसतंय. बाकीचा गहू कुनी खाल्ला?"

मग वीज गेली. रोज अकराला जाते, त्यात नवल नाही. कानिफनं त्याचाही विचार केलेला, काचेच्या कोपऱ्यात स्वतंत्र ओळच रंगवलेली, 'वीज गेली आहे'. सगळे काचेकडं बघत बसले. ओळ काही उजळेना. उजळणार कशानं? नृसिंह साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. सर म्हणाले, तत्त्वतः निरोप अचूक आहे. मी खिडकीच्या फटीतून म्हटलं, बायांनो, वीज गेली, खाली बसा. बसल्या.

वीज आली, डाळ उतरली, लग्नाचा गहू पडू लागला. इथवर मला बरंच वाटत होतं. आणि शेवटची मूठ दगडाखाली गेली तशी काच लालभडक उजळली, 'धान्य संपले'.

चांगुणा, तू तिथं असतीस तर हातातलं लेकरू खाली ठेवलं असतंस. धान्याला कुणी संपलं म्हणतं का? घरात चिमूटभर उरलं नाही तरी आपण उदंड झालं म्हणतो, आणि इथं लग्नाच्या पहिल्या दळणाला, नवरीमुलगी पुढं उभी, सोयरीण बघतेय, आणि हातभर लाल अक्षरात संपले. मावससासूला वाचता येत होतं, हेच वाईट. तिनं तोंडाला पदर लावला. म्हणाली, "आमच्याकडं असलं बोलत न्हाईत." गोजरबाईनं पिठाला लावलेला हात मागं घेतला. म्हणाली, "ही पेटी आपला सबुद माघारी घीत न्हाई, तवर मी पीठ नेनार न्हाई." आणि सबुद काही माघारी जाईना. कारण पुढचं बटण कुणी दाबेपर्यंत आधीचा निरोप तसाच राहतो अशी सरांची रचना, आणि बटणाला आता एक बाई बोट लावायला तयार नाही. सर धावत आले. काय चुकलं? धान्य संपलेलंच आहे की. त्यांना कोण सांगणार? कानिफचा चेहरा पिठासारखा झाला. विजयमाला खाली बघून अंगठ्यानं माती उकरत होती. तिचं लग्न आणि ह्याची नोकरी, दोन्ही त्या लाल अक्षराला लटकलेली.

मी आत गेले. सहादेवाला म्हटलं, तार काढ. त्यानं विचारलं कुठली. म्हटलं, सगळ्या. काच विझली, (शांत झाली म्हणायला पाहिजे) आणि मी फटीला तोंड लावून म्हटलं, "गोजरे, उदंड झालं गं. पायली भरून वर आलंय. पीठ ने, आन पोरीला सुखाचं जावो." मग गोजरबाई पेटीला म्हणाली, "आता कसं मान्सावानी बोलली." आणि कुंकवाचं बोट पेटीला लावलं. मावससासूनंही लावलं, आणि असली पेटी आमच्या गावाला मिळंल का म्हणून कानिफला विचारलं.

त्यानंतर मी तिथंच पोत्यावर बसले. दुपारपर्यंत तेवीस बाया आल्या. सगळ्यांना कळत होतं की काच मेल्यासारखी आहे आणि बोलतेय ती मी, राहीबाई. तरी प्रत्येक बाई आधी एक बटण दाबायची. गोजरबाई ओट्यावर बसून सांगत होती, दाबा गं, आपल्या कानिफाची नोकरी हाय, बोटाला काय भोक पडतंय. मी आतून विचारायचे, बाजरी का? सासऱ्याचे दात गेलेत ना, मग बारीकच. साहेब लोक लांब लिंबाखाली चहा पीत. त्यांना घरघरीत एवढंच दिसे की बाई येते, बटण दाबते, मान हलवते, पीठ घेऊन हसत जाते.

जीपशी कानिफनं त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. (पोरगं खरं बोलतं, आईवर गेलंय.) सर म्हणाले, अहवाल कालच टाइप झालाय, फक्त बायांचा आकडा भरायचा होता. आणि नृसिंह साहेब म्हणाले, दिवे लागत नव्हते हे मी पाहिलं, विजेची बचत म्हणून लिहून घेतलं आहे. जाताना सर मला म्हणाले, आता मोकळ्या झालात आजी. मी झाले बाई. फार हलकं वाटतं.

सगळ्यांना विचारल्याचं सांग. कळावे, लोभ आहेच.

तुझी आक्का,
राहीबाई
मु. तिसगाव, माघ महिना, सन १९७२

ता. क. कानिफ माझी खिडकीतली बोलणी वहीत उतरवून घेतोय, त्यातलीच काचेवर रंगवणार. उदंड झालं, पट्टा सुटलाय, दम धर, सगळं. पण नगरचा रंगारी पंधरा दिवस मागतो.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे हेच लिहायला बसले होते. आता कारखान्याचे सगळ्यांत मोठे साहेब पेटी बघायला येणार आहेत, आणि त्यांनी कानिफच्या कागदावर सही केली की झालं. पण सरांनी ठरवलंय की मी त्या वेळी मोठ्या साहेबांशेजारी सतरंजीवर बसायचं आणि माझा घसा कसा वाचला ते सांगायचं. मग आत कोण? सुनेचा आवाज मुंगीचा. माहेरी असताना आपण दोघी माजघरातून ओ दिली की कोणती बोलली ते आईला ओळखू येत नसे. तेव्हा तू ये. आत पोतं टाकून ठेवते, गुडघ्याला उशी देते. फार बोलायचं नाही, कशाचं, कसं, कुणासाठी, एवढं विचारायचं, आणि धान्य झालं की काय म्हणायचं ते तुला सांगायला नकोच. कानिफला आधी कळवू नकोस, तो सांगून टाकील. गुरुवारच्या संध्याकाळच्या गाडीनं ये. मोठे साहेब शुक्रवारी सकाळी दहाला येतो म्हणाले आहेत.