खंड्याचं खोटं नाणं

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, गेली बत्तीस वर्षे दातांच्या कवळ्या आणि सोन्याच्या टोप्या बनवणारी, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाला वा गोडीगुलाबीला बळी न पडता हे लिहून ठेवत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोके ठिकाणावर आहे का, हे डॉक्टरांनी परवा शंभरातून सात-सात वजा करायला लावून पाहिले. मी शेवटपर्यंत गेले. डोके ठिकाणावर असतानाच मी काय काय केले, ते पुढे येईल.

१. राहते घर ह्यांच्या आणि माझ्या नावे निम्मे निम्मे आहे. माझा हिस्सा ह्यांना. पण घर मोकळे नाही, हे ह्यांना ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी गच्चीच्या गळतीचे म्हणून मी जे कागद पुढे ठेवले, ते घर गहाण टाकण्याचे होते. हे चष्मा शोधायला उठले होते. मी म्हणाले, "अहो, गळतीचेच आहेत, करा सही." हे म्हणाले, "तू वाचलंस ना? मग झालं."

२. माझी हत्यारे, म्हणजे मेण कोरायच्या सुऱ्या, चिमटे, छोटी भट्टी आणि भिंग, प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारिणीला. मोठी सुरी तिने मला न विचारता दोनदा नेली आहे. आता तिचीच.

३. दादाला काही नाही. आई गेल्यावर तिच्या बांगड्या वितळवायचा आग्रह त्याचा. म्हणे वाटणी सोपी पडते. त्या मुशीत बसताना मी पाहिल्या. त्याच दुकानात काचेखाली सोन्याचे एक नाणे होते. बगळ्याचे. बारा पक्ष्यांची मालिका, प्रत्येक पक्ष्याची फक्त तीनशे नाणी, सोबत क्रमांकाचे प्रमाणपत्र. हे कोणी वितळवणार नाही, असे वाटले. माझ्या वाट्याचे पैसे मी तिथेच मोजले.

पुढची नाणी निघाली की टांकसाळीत तासाभरात संपायची. मग ज्यांना मिळाली त्यांच्याकडून दुप्पट-तिप्पट भावाने घ्यायची. भाव चढत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला मी हुशार वाटले. मुलगी म्हणाली, "आई, आता विक. अजून घेणारे आहेत." मी म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतं?" पुढच्याच वर्षी तेच पक्षी नव्या झिलईत पुन्हा काढले, हजारोंनी. जुन्या नाण्यांना निव्वळ सोन्याचा भाव राहिला. माझ्याकडे अकरा होती. बाराही असतील तर संच अजून चांगल्या किमतीला जातो, असे नाणी विकणारा एक विक्रेता म्हणाला. आधीच्या नाण्यांची उधारी आणि हे बारावे, दोन्हींसाठी घर गहाण पडले ते ह्या वेळी. बारावे नाणे त्याच्याकडूनच घेतले, खंड्याचे.

ते डबीतून काढून मी भिंगाखाली धरले. टांकसाळीचे नाणे ठोकून बनते. ह्याच्या पिसांत सुईच्या टोकाएवढी भोके होती. ओतकामाची ती भोके मला झोपेतही ओळखू येतात. कडेला सुरी लावली, आत पांढरा धातू. विक्रेत्याच्या दुकानाला कुलूप होते, फोन बंद. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी त्या शटरसमोर जाऊन उभी राहिले.

४. मी ते नाणे विकले. घेणारे एक निवृत्त ग्रंथपाल. त्यांची बायको दोन वर्षे अंथरुणाला आहे, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ते तिच्यासाठी हे पक्षी मांडतात. "एकच राहिलाय हो, खंड्या," ते म्हणाले. जुनी गाडी विकून आले होते. मी भिंग पुढे केले. खरे सांगते, मनात होते की त्यांनी बघावे आणि मला पकडावे. ते हसले. "तुम्ही सोन्यातच काम करता. मी काय बघायचं?" मी पैसे घेतले, गहाणाचे हप्ते भरले. त्यानंतर एक रात्र धड झोपलेली नाही.

म्हणून माझ्या अकरा नाण्यांतली बगळा, रोहित पक्षी आणि घुबड ही तीन सर्वांत आधी ग्रंथपालांना द्यावीत. त्यांचे पैसे तेवढ्यात फिटतात. उरलेली आठ वितळवून गहाण सोडवावे. पुरणार नाही. कसे पुरवायचे, ते मला सुचत नाही.

५. मुलीला माझी टपालातली बचत. थोडीच आहे. तिला त्यातलं सगळं कळत होतं.

६. पुरवणी. इतके लिहून मी कागद आज सकाळी ह्यांच्या हातात दिला. मागाहून वाचला तर भांडायला समोर कोणी नसेल, हे मला सहन होईना. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, "सोमवारी मी दवाखान्यात येईन. पण आत्ता माझ्याशी बोलू नकोस." मग तीन नाणी रुमालात बांधून ग्रंथपालांचा पत्ता घेतला आणि गेले.

सही करायला साक्षीदार येऊन बसले, तेव्हा ह्यांचा फोन आला. आवाज दोघांनीही ऐकला. "घेत नाहीत ते. बायकोला अजून सांगितलेलं नाही. म्हणतात, जिने विकलं तिने येऊन आमच्या दोघांसमोर सांगावं."

मी म्हणाले, "डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली आहे."

"सांगितलं मी. तिसरा मजला आहे." मग, "मी खाली उभा आहे. धरून नेईन. येतेस का?"

कलम चार मी खोडत नाही. मी वरपर्यंत पोचले नाही तर ते जसेच्या तसे लागू राहील. गाडी बोलावली आहे.

लिहून देणारी: (सही)

आमच्यासमोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही.
साक्षीदार: (सही) तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन
साक्षीदार: (सही) प्रयोगशाळेच्या मालकीणबाई

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: नऊ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी सव्वाचार