सरबताची बाटली

धाराशिव
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

जाईबाईस दगडाबाईचा नमस्कार.

तू बरी असशील असं लिहिणार होते. पण कामावरनं काढलेली बाई बरी कशानं असंल? तवा ते राहू दे. तुझ्या लेकीचा, श्रावस्तीचा अभ्यास चाललाय का? चालू ठेव म्हणावं. म्या तिसरीतच शाळा सोडली, आता एकेक अक्षर ओढताना घाम फुटतोय.

तुझ्या जागी सफाईच्या कंपनीनं दुसरी धाडली. तू दहाला यायचीस, आरोही निजली की फरशी पुसायचीस अन् ती उठायच्या आत चप्पल घालायचीस. ही अकराला उगवती, पोरगी उठती तवा. बोलले तर म्हणती, "आजी, टाईम मोबाईलवर ठरतो." मोबाईलला नातवंडं हायत का गं?

आरोही परवा दवाखान्यातनं घरी आली. आवाज घोगरा झालाय. दूध गिळताना डोळे गच्च मिटती. ती खोकली की म्या हातातलं टाकून पळते. घरातला एकेक पेला म्या हुंगून बघते. सून म्हणती, "आई, काय हुंगताय सारखं?" काय सांगू तिला?

तुमच्या कंपनीच्या फुलाच्या वासाच्या पाण्याला म्या नावं ठेवायची. घर पुसलंय का नवरी सजवलीय, म्हणायची. म्हणून बाजारातनं सुटं फिनेल आणलं अन् आंब्याच्या सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरलं. तू म्हणालीस, "आजी, खायच्या बाटलीत असलं भरू नका, घरात लेकरू हाय." म्या म्हणले, "झाडू मार, शिकवू नगं." तू ती वरच्या फळीवर ठेवलीस.

तू गेल्यावर म्या रोज ती खाली काढायची. देव्हाऱ्यापुढची फरशी तू पुसलेली, म्या परत पुसायची. का, ते तुला ठाव हाय. मलाबी ठाव हाय.

त्या दिवशी पुसली अन् बाटली ओट्याखालीच राहिली. म्या वाती वळत बसले. पोरगी कवा उठली कळलंच न्हाय. बघते तर तोंडाला फेस, अन् बाटली पोटाशी धरलेली.

शेजारच्या गुंडप्पाच्या रिक्षातनं नेली. सून शाळेतनं पळत आली. महारुद्रनं बाटली दाखवून विचारलं, "आई, ही खाली कुणी ठेवली?"

म्या तुझं नाव घेतलं.

उद्या तो तुझ्यावर तक्रार द्यायला ठाण्यात जाणार हाय. चार दिस झाले, सांगायला तोंड उघडते अन् मिटते. या तोंडानं सासूला सोडलं न्हाय, सरपंचाला सोडलं न्हाय, अन् पोटच्या पोरापुढं वाचा बसली. खरं कळलं तर आरोहीला माझ्यापाशी ठेवणार न्हायत. ठेवूबी नये. पण त्याचंच लई भ्या वाटतंय, जाईबाई.

तुझ्या गल्लीतला ईरण्णा केळीवाला आत्ता दारावर आलाय, त्याच्या हाती हे धाडते. महारुद्र नवाला निघतो. तू साडेआठलाच ये. मागनं न्हाय, पुढच्या दारानं ये. हे पत्र त्याच्या हातात दे. म्या घरातच असंन, पळून कुठं जाते?

माझी सही वेडीवाकडी. कुणी खोटी म्हणू नये म्हणून काजळानं अंगठाबी उठवलाय.

बाटली म्या खाली ठेवली.

दगडाबाई