अण्णांचा आवाज जोडताना

प्रिय दादा,

हे पत्र सीताराम मामांच्या हाती देतेय. त्यांना पुण्याला लेकीकडं जायचंच होतं. आईनं त्यांच्या पिशवीत तुझ्यासाठी ज्वारीचं पीठ कोंबलं, त्याच्याखाली मी हे सरकवलं. फोन का नाही केला म्हणशील. घर दोन खोल्यांचं, अण्णांचे कान अजून तसेच तिखट, आणि फोनवर त्यांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. म्हणून लिहून कळवते. आधी कामाचं सांगते. दिवसभर दुसऱ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोस, तुला माझा ताप बरोबर कळेल.

माझं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर मधेच बंद पडायलं होतं. नुसतं अडकत नव्हतं, पडदा क्षणभर गोठायचा आणि सगळं गायब, जणू कुणी तोंडावर दार लावलं. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, उन्हानं कॉम्प्युटर तापला असेल. आपल्या झरीतलं ऊन तुला ठाऊकच आहे. दुपारी पत्र्याखाली आपलंच डोकं चालत नाही, तर त्याचं काय चालणार! मी कूलर त्याच्याकडं वळवला आणि आपण घाम पुसत बसले. थंड झाला, तरी पुन्हा बंद. मग जुन्या लग्नांच्या फाईली दुसऱ्या डिस्कवर टाकून जागा मोकळी केली. साठलेली कॅशे साफ केली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवीन घातला, फुलं उडवणारे, अक्षरं चमकवणारे सगळे जादाचे इफेक्ट काढून टाकले. दर वेळी थोडा वेळ नीट चालायचं, मला हायसं वाटायचं, आणि तयार फिल्म बाहेर काढताना एक्स्पोर्टची पट्टी अर्ध्यावर आली की पुन्हा तेच. एकाच कामाच्या तीन जागी कॉपी ठेवल्या, तरी भीती जाईना. डिस्कच गेली तर? हे पुन्हा कुठून आणू?

लग्नाचं काम असतं तर एवढा जीव खालीवर झाला नसता. लग्नवाले दोन शिव्या देतात, आठ दिवस थांबतात. हे काम अण्णांचं आहे. त्यांच्या निवेदनाची फिल्म करतेय. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात माईक त्यांच्याच हातात असायचा, झरीपासून पार गंगाखेडपर्यंत. आता ज्याच्या त्याच्या फोनमध्ये त्यांचे तुकडे पडलेत. मी एकेकाला गाठून ते गोळा केले. कुठं धुरळ्यात अण्णा दिसतच नाहीत, नुसता आवाज. कुठं पैलवानाच्या बापाचं, आज्याचं नाव घेऊन त्याला असं उभं करतात की हरणारासुद्धा छाती काढून चालतो. ऐकताना मी काम विसरून जायची. आई तर चुलीजवळून उठून यायची, दारात उभी राहायची, आणि पदर तोंडाला लावून परत जायची.

अण्णा मात्र घाई करत होते. आधी कधी माझ्या खोलीत डोकावले नाहीत, आता दर दुपारी स्टूल घेऊन शेजारी. "झालं का गं?" त्यांचा आवाज हल्ली बसलेला असतो. दिवाळीपासून तसाच आहे. आम्ही म्हणायचो, एवढी वर्षं ओरडल्यावर बसणारच. जेवण कमी झालंय, भाकरी दुधात कुस्करून लागते. मधे परभणीला तपासायला नेलं होतं. ते पुढं सांगते.

शेवटी मी जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. नवीन प्रोजेक्ट उघडला आणि निम्म्याच क्लिपा घातल्या. चाललं. उरलेल्या निम्म्या घातल्या, बंद पडलं. मग त्यांच्याही निम्म्या. असं चाळत चाळत एकच क्लिप हाती राहिली. दादा, कुठली ते तुला कळलं असेल. आपल्या जत्रेतली, पाथरीच्या पैलवानाशी तुझी कुस्ती. शेजारच्या नीलमनं फोनवर घेतलेली. ती मी जोडली होती, पण एकदाही पूर्ण बघितली नव्हती. डोळे दुसरीकडं करून टाइमलाइनवर ओढली होती.

क्लिप काढून टाकली की सगळं सुरळीत चालत होतं. मला तर बहाणाच मिळाला. मी ती पुसायला गेले, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "काय काढायलीस?" मी म्हटलं, "खराब फाईल आहे, अण्णा. हिच्यामुळंच बंद पडायलंय." ते म्हणाले, "कुणाची हाय?" मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी स्टूल पुढं ओढलं. मग म्हणाले, "नीट हुती का, बघ."

फोनवरच्या व्हिडिओत सेकंदाला कधी चित्रं जास्त, कधी कमी पडतात. सॉफ्टवेअरला तो मेळ बसत नव्हता. मी दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून ती क्लिप एकसारख्या वेगाची करून घेतली, आणि लावली. तू मातीत पडलास. गुडघा धरलास. आणि भोंग्यातून अण्णांचा तो आवाज आला, "ह्यो माझा पोरगा हाय, पर खरं बोलतो मंडळी, ह्याच्यात दमच न्हाई!" लोकांचं हसू. तू उठून लंगडत गर्दीतून निघालास, मागं न बघता. त्याच आठवड्यात पुण्याला गेलास. गुडघ्याची शीर तुटली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

मी अण्णांकडं बघितलंच नाही. म्हटलं, "हे वाक्य कापते. कुणाला कळायचं नाही." तर म्हणाले, "कापू नको. चांगलं चांगलं तेवढं ठिवलं तर त्यो माझा आवाज न्हाई झाला. लोकांनी हे बी ऐकलं. त्यानं तर लयच ऐकलं." फिल्म त्या दिवशी पूर्ण निघाली. पट्टी शेवटपर्यंत गेली, कुठं अडकली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी मोरीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मला एक सुचलं. अण्णांना पांढरा फेटा बांधून अंगणात बसवलं, फोन स्टँडला लावला, म्हटलं, दादाला जे सांगायचं ते इथं सांगा, मी पाठवते. त्यांनी घसा खाकरला. हजारो लोकांपुढं कधी न अडखळलेला माणूस, दादा, एका फोनपुढं त्यांना शब्द सापडेना. शेवटी उठले. म्हणाले, "ह्यो डबा उलट बोलत न्हाई. मी बोलायचं आन् त्यानं नुसतं ऐकायचं, तसलं एकदा झालंय. आता त्याला बी बोलता आलं पायजे."

आता विचारशील, बिघाड सापडला, फिल्म झाली, मग पत्र कशाला? अण्णांच्या घशात गाठ आहे, कॅन्सरची. येत्या बुधवारी ऑपरेशन आहे, मंगळवारी दवाखान्यात भरती करायचं आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. त्यानंतर अण्णा श्वास घेतील, जेवतील, जत्रेलासुद्धा जातील. पण हा आवाज परत येणार नाही. तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातलीय. "कीव करून येयाचा आसंल तर येऊ नको म्हणावं," असं म्हणतात, आणि फाटकाचा आवाज आला की मान आधी वळते. मी शपथ मोडली. तू कीव करू नकोस, माफही करू नकोस, तुझा राग खरा आहे. तो घेऊनच ये. समोर बस आणि तुला जे बोलायचंय ते त्यांच्या तोंडावर बोल. मंगळवारच्या आत ये, दादा. अजून त्यांना उत्तर देता येतंय.

तुझीच,
राजेश्री