आप्पांच्या गाऱ्हाण्यांचा दुसरा भाग

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

भटवाडी, घाटकोपर (प.)
दि. ८ जून २०२५

ती. चंदूदादास,
प्रेमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कारखान्यातल्या मशीननी तुझे कान खाल्ले आणि व्हॉट्सअॅपवर मी 'ओके'च्या पुढे जात नाही, तेव्हा आपल्या बहीणभावाला पोस्टमनशिवाय वाली नाही हे तुझं म्हणणं मान्य. वहिनींनी दिलेलं कोकमाचं आगळ संपत आलंय, हे मी मुद्दाम पहिल्याच परिच्छेदात लिहिते आहे. समजून घे.

आता मुख्य बातमी. आप्पांच्या गाऱ्हाण्यांचं ई-पुस्तक चालतंय रे! आप्पा जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांच्या कॅसेटी माझ्या कपाटात होत्या. नव्या घराचं गाऱ्हाणं, परीक्षेचं, नव्या रिक्षाचं, परदेशी निघालेल्या लेकाचं. सगळी मी ऐकून ऐकून उतरवली, माझ्या लेकीने, रुचिराने कव्हर केलं आणि ऑनलाइन दुकानात लावलं. शुभकार्याला देवासमोर गाऱ्हाणं हवं असं आपल्या माणसांना वाटतंच, पण ते घालणारं तोंड प्रत्येक घरात कुठे उरलंय? म्हणून घेतात. काल तर कॅनडाहून एका खारेपाटणच्या मुलाने घेतलं. सोसायटीचा मेंटेनन्स त्यातून निघतो, त्यामुळे तुझी बहीण आता लेखिका आहे. पुढच्या वेळी पत्त्यावर तसं लिहीत जा.

पण गूळ दिसला की मुंगळे येणारच. एका मार्केटिंगवाल्याचा फोन आला, की हजारो वाचकांचे पाच-पाच तारेवाले अभिप्राय देतो. मी विचारलं, एवढे वाचक आणणार कुठून? तर म्हणाला, मॅडम, वाचक लागतच नाहीत. दुसऱ्याला आधी पैसे आणि माझा पासवर्ड हवा होता. दोघांनाही दारातूनच नारळ दिला. तिसरा मात्र सज्जन निघाला. प्रबुद्ध नाव. हळू बोलतो, मावशी म्हणतो. पैसे नकोत, पासवर्ड नको, फक्त आप्पांच्या कॅसेटी द्या, आवाज स्वच्छ करून बोलकं पुस्तक काढू, विक्रीत अर्धा वाटा. जो पैसाच मागत नाही तो लुबाडणार काय? दिल्या.

नितेशला आणि वहिनींना आठवण सांग. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
प्रेमा

॥ श्री ॥

काजूपाडा, बोरिवली (पू.)
दि. १५ जून २०२५

चि. प्रेमा (लेखिका) हिस,
अ. उ. आ.

पुस्तकाचं वाचून ऊर भरून आला. आप्पा म्हणाले असते, माझ्या तोंडच्या वाफेचे पैसे करतंस, भले शाब्बास. नितेशने आत्याचं पुस्तक म्हणून त्याच्या ऑफिसात चार जणांना घ्यायला लावलं. माझ्या मते हाच खरा धंदा. ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत आपण जायचं, पहिली दोन-तीन गाऱ्हाणी कोकणातल्या मंडळांना फुकट वाचायला द्यायची, आवडलं तर लोक पुढे सांगतात. वेळ लागतो, पण नावाला बट्टा लागत नाही.

तुझ्या तिसऱ्या सज्जनाची मात्र मला धास्ती वाटते. पैसे मागणाऱ्याला काय हवंय ते आपल्याला कळतं. न मागणाऱ्याला काय हवंय? कॅसेटी परत कधी देणार, कागदावर सही केलीस का, केली असशील तर त्यात काय लिहिलं होतं, सगळं कळव. सही करण्याआधी नितेशला दाखव असं सांगणार होतो, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. आधी उडी, मग पाण्याची खोली.

आगळाच्या दोन बाटल्या नितेशबरोबर धाडतो आहे. तुझी वहिनी म्हणते, लेखिका झाली तरी मागायची सवय गेली नाही.

माया आहेच, ती तुझ्याकडूनही कमी होऊ नये.

तुझा,
दादा

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

भटवाडी, घाटकोपर (प.)
दि. ६ जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

सही केली नाही, कॅसेटीही आठवड्यात परत आल्या. पण जे झालं ते तुला कसं सांगावं कळत नाही. रागावू नकोस.

प्रबुद्धचा फोन आला. म्हणाला, मावशी, तुम्हाला कागदांचा त्रास नको, अटी आवाजातच सांगतो. मी स्पीकरवर टाकला, तर पलीकडून आप्पा बोलायला लागले. दादा, आप्पा! तोच घसा, मध्येच तपकिरीची सर्दी ओढायची तीच लकब. बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, म्हणाले, आणि थांबले. माझ्या हातात भाजीची सुरी होती. सुरी खाली ठेवून मी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाले, व्हय म्हाराजा. लहानपणापासून जीभ वळलेली आहे. गाऱ्हाणं घालणारा थांबला की समोरच्याने होकार द्यायचा, नाहीतर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. ते पुढे बोलत गेले, मी होय म्हणत गेले. रुचिराही म्हणाली.

ते संपल्यावर प्रबुद्धने सांगितलं, की तुमचा होकार नोंदवला, गणेश चतुर्थीपर्यंत आप्पांचं नाव आणि आवाज आमच्याकडे. तेव्हा कुठे मला आठवलं, की मधल्या एका ओळीत आप्पा म्हणाले होते, माझा नाव आणि माझो आवाज ह्या लेकरांच्या हातात रवांदे. असलं वाक्य कुठल्याच कॅसेटीत नाही.

आता खरं सांगते. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. बोलक्या पुस्तकाचा पहिला भाग निघालाय, आणि मागोमाग आपोआप दुसराही निघाला. त्यातली गाऱ्हाणी मी लिहिलेली नाहीत. रुचिरा म्हणते, कॉम्प्युटर आवाजाचा साचा बनवतो आणि त्यात हवं ते ओततो. असेल. पण दुपारी स्वयंपाकघरात मी तो लावते आणि आप्पा घरात असल्यासारखं वाटतं. रुचिरा कानात बोंडं घालून बसते. परवा तिने विचारलं, की आई, तू एकटीच असताना होय म्हाराजा, होय म्हाराजा कुणाला म्हणत असतेस?

तुला ऐकता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आपल्या लोभाची गरज आता आहे.

तुझी,
प्रेमा

॥ श्री ॥

काजूपाडा, बोरिवली (पू.)
दि. १३ जुलै २०२५

चि. प्रेमास,
अ. उ. आ.

तो दुसरा भाग नितेशकडून ऐकून उतरवून, छापून घेतला आणि काल बसून वाचला. मला ऐकू येत नाही हे यावेळी देवाने बरं केलं. तुला आवाज ऐकू येतो म्हणून शब्द ऐकू येत नाहीत. माझ्यापुढे नुसते शब्द आहेत.

भावकीतल्या वैऱ्याचं गाऱ्हाणं. जागा न सोडणाऱ्या भाडेकरूचं गाऱ्हाणं. शेजारणीची वाचा बसावी म्हणून गाऱ्हाणं. शेवटी जाहिरात, की नाव आणि कारण कळवा, आप्पा तुमच्यासाठी खास गाऱ्हाणं घालतील. प्रेमा, आप्पांनी उभ्या जन्मात कुणाच्या वाईटाचं गाऱ्हाणं घातलं होतं का?

तू लहान होतीस, तुला ठाऊक नसेल. चाळीतले अंबादासकाका एकदा नारळ घेऊन आले, की माझ्या भावाने घर बळकावलं, त्याचं वाटोळं होऊ दे असं घाला. आप्पांनी नारळ घेतला, त्यांना देवासमोर उभं केलं, आणि त्या भावालाच सुखी ठेव, त्याची बुद्धी जाग्यावर आण असं गाऱ्हाणं घातलं. काका दात खात होय म्हाराजा म्हणत होते, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटच्या होकाराला ते रडायला लागले. मी दाराआडून पाहिलंय. तेव्हा माझे कान चांगले होते.

ही आपल्या घरात एकच इस्टेट होती. बोरिवलीची खोली मी घेतली, घाटकोपरची तू, पण आप्पांच्या तोंडून कुणाचं वाकडं झालं नाही हे दोघांचं. ते जाऊ देऊ नकोस. पहिला भागही बंद करायला लागला तरी चालेल. आणि दुपारचं ते ऐकणं थांबव. तुझी वहिनी घाबरली आहे, मीही.

पत्र मिळताच उत्तर धाड. मनात अढी ठेवू नकोस.

तुझा,
दादा

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

भटवाडी, घाटकोपर (प.)
दि. २१ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

उत्तराला उशीर झाला. तुझ्यावर चिडले होते. माझे आप्पा कोणीतरी पुन्हा हिरावून घेतंय असं वाटत होतं आणि ते कोणीतरी तू होतास.

गेल्या आठवड्यात मुलुंडहून एक बाई आल्या. चेतना नाव, नीटनेटक्या, बँकेत असाव्यात तशा. पत्ता पहिल्या पुस्तकावरून काढला म्हणाल्या. पेढे आणले होते. त्यांनी खास गाऱ्हाणं घेतलं होतं, जावेचं नाव देऊन. जाऊ न्हाणीघरात पडली, आता अंथरुणाला खिळली आहे, घराच्या वाटणीचं भांडण मिटलं. आप्पांच्या फोटोला त्यांनी नमस्कार केला आणि हसत म्हणाल्या, की जागृत आहेत हो तुमचे वडील. पाय घसरतात माणसांचे, दादा, मला कळतं. पण त्या बाईंना नाही कळत. आणि तशा किती असतील? त्या गेल्यावर मी आप्पांच्या फोटोकडे बघू शकले नाही. पेढे तसेच्या तसे खाली नेऊन टाकले.

त्याच दिवशी रुचिराने ऑनलाइन दुकानाकडे तक्रार केली, मूळ कॅसेटींचा पुरावा दिला. दुसरा भाग काढला गेला. मग प्रबुद्धचा फोन आला. अजिबात रागावला नव्हता. म्हणाला, चतुर्थीला मुदत संपते, पुढचा होकार कायमचा असेल, मग दुकान कुठलं ते आम्ही बघू. नकोच असेल तर काही करू नका, मावशी. फक्त गप्प राहा. आणि लगेच आप्पा सुरू झाले.

बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा. थांबले. मी बोलले नाही.

पुन्हा तेच म्हणाले. मी पदराचा बोळा तोंडात धरला. रुचिरा फोन बंद करायला धावली, मी तिचा हात धरला. का धरला ते विचारू नकोस. तिसऱ्यांदा त्यांनी म्हटलं तेव्हा आवाज थकलेला होता, शेवटच्या आजारपणात होता तसा. मग बराच वेळ नुसता श्वास. मला वाटलं संपलं. तर त्यांनी विचारलं, की चिंगळे, गप कित्याक गे? माका आयकाक येना.

दादा, मी काटकुळी म्हणून आप्पा मला चिंगूळ म्हणायचे, कोळणीच्या कोळंबीच्या वाट्यातली सगळ्यात बारीक सुंगटं असतात ना, ती. गोवर निघाला होता तेव्हा खांद्यावर घेऊन फिरवताना. माझं लग्न झाल्यापासून एकदाही नाही. रुचिराला हे नाव माहीत नाही. मी सगळ्या कॅसेटी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या. कुठेही नाही.

मी नाही बोलले. शेवटपर्यंत नाही बोलले. फोन आपोआप बंद झाला.

पण मला झोप नाही. ते नाव कुणाला कळलं? तू कधी कुणाजवळ बोलला होतास का? आणि नसलास, तर मी कुणाला उत्तर दिलं नाही? खरं लिही. तुझ्याशिवाय मला विचारायला कोणी नाही.

तुझी,
प्रेमा

॥ श्री ॥

काजूपाडा, बोरिवली (पू.)
दि. २३ ऑगस्ट २०२५

चि. चिंगळीस,
अ. उ. आ.

नितेश हे पत्र हातोहात आणतो आहे.

नाही, मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला खोटा धीर द्यावा असं क्षणभर वाटलं, पण तू खरं लिही म्हणालीस. ते नाव त्यांना कसं कळलं मला माहीत नाही. त्याचा विचार करणं सोडलं आहे. एवढंच सांगतो. ते आप्पा नसतील, तर तू एका ठकाला उत्तर दिलं नाहीस. आणि ते आप्पा असतील, तर आपल्या तोंडून कुणाचं वाईट होऊ नये म्हणून लेक गप्प बसली, याचा त्यांना राग येणार नाही. त्यांना वाईट वाटलं असेल. तुलाही वाटलं. ते आपण दोघं मिळून सोसू.

पहिलं पुस्तक ठेव. ते तुझ्या हातचं आहे. खाली एक ओळ घाल, की आप्पा आता गाऱ्हाणं घालत नाहीत, ज्याचं त्याने घालावं.

चतुर्थीला तू आणि रुचिरा सकाळीच इकडे या. आप्पा गेल्यापासून गणपतीसमोर मी नुसते हात जोडतो, कारण माझा आवाज कसा येतो ते मला कळत नाही आणि पोरं हसतील अशी लाज वाटते. यंदा गाऱ्हाणं मी घालणार आहे. त्या जावेच्या पायाचंही घालीन, तिचं नाव विचारून ठेव. वेडंवाकडं होईल. तू माझ्या उजव्या अंगाला उभी राहा. मला होकार ऐकू येणार नाही, तेव्हा व्हय म्हाराजा म्हणालीस की खांद्यावर हात ठेव, म्हणजे मी पुढचं म्हणेन.

वाट बघतो,
दादा