टिनला अजून जमत नाही

भवानीपूर, कलकत्ता
फेब्रुवारी १९५४

चि. टिन,

तुला मराठी येत नाही, म्हणूनच हे मराठीत लिहिते आहे.

आईच्या आजारपणासाठी रंगून सोडलं, तेव्हा लवकर परतेन म्हणाले होते. आई गेली आणि इकडे माझा ब्रह्मदेशात राहण्याचा परवानाही संपला. तेव्हापासून ट्रामने एस्प्लनेडला जायचं आणि नव्या परवान्यासाठी ब्रह्मी वकिलातीच्या कचेरीतल्या बाकावर बसून राहायचं. घरी आले की वहिनी दारातच विचारते, "वन्सं, झालं का तुमचं काही?" तिचं तरी काय चुकतं? माझ्या खाटेने मुलांची खोली अडली आहे.

पहिल्या वेळी तिथल्या साहेबांनी विचारलं, "गणित शिकवायला तिथलं कोणीच नाही?" मी मूर्ख, तुझंच कौतुक करत सुटले. माझीच विद्यार्थिनी, आता शाळेत माझ्याबरोबर शिकवते, भूमिती तर माझ्याहून सोपी करून सांगते! साहेब हसले. "मग परदेशी बाई कशाला हवी?" अर्ज नामंजूर.

परवा पुन्हा तोच प्रश्न आला. मी म्हटलं, "एक मुलगी आहे, पण तिला अजून जमत नाही." त्यांनी नाव विचारलं. तेही सांगितलं.

परवाना मिळाला. बोट शनिवारी आहे.

आणि आज तुझं पत्र आलं. मुख्याध्यापिका माझ्या जागी तुला कायम करत होत्या, तर तू म्हणे त्यांना सांगितलंस, "मला अजून जमत नाही, बाईंना येऊ द्या."

तू माझ्यासाठी खोटं बोललीस, टिन. मीही माझ्यासाठीच बोलले.

तुझी बाई,
कालिंदी